चार हात कमी

पूर बचाव पथकातल्या माणसाशी लग्न केलं की घरात दोन गोष्टी साचतात: ओले बूट आणि किस्से. बूट निदान उन्हात तरी टाकता येतात.

माझा नवरा मिलिंद नांदेडला पथकाच्या बोटीवर आहे. मी फिजिक्स शिकलेली. त्याचा उपयोग एवढाच, की तो ड्युटीवर गेला की दोन वर्षांच्या लेकीला मांडीवर घेऊन मी बोटीच्या दोरीवरचा ताण काढत बसते. गणित बरोबर येतं का, कुणास ठाऊक!

*

बोटीसोबत आलेला नांगर चार नख्यांचा, छत्रीसारखा मिटणारा. गोदावरीत चाचणी झाली. टाकला, ओढला, वर काढला. चारी नख्या मिटलेल्या!

पथकाचे साहेब म्हणाले, "ह्यो तर खाली जाऊन झोपून आला!"

*

मग वेल्डर सलीमचाचांनी ट्रॅक्टरचा जुना फाळ दांड्याला जोडून दुसरा बनवला. तो गाळात असा रुतला, की पाच जणांना निघेना. शेवटी दोरी कापली.

चाचा खूश. "बोला था ना बेटा, पकडेगा तो छोडेगा नई!"

*

बिलोलीकडचे गंगाराममामा मासेमारी करतात. त्यांचा नांगर म्हणजे बाभळीच्या दोन आडव्या दांड्यांत आवळलेला दगड. खडकात तोच टिकला.

मिलिंदनं विचारलं, "मामा, डिझाइन कुणाचं?"

"ज्याची होडी वाहून गेली, त्याच्या भावाचं."

*

एकदा डबा द्यायला गेले तेव्हा धीर करून साहेबांना म्हटलं, "सर, वजनापेक्षा दोरीची लांबी बघा. आखूड दोरी नांगराला वर उचलते."

"मॅडम, बोटीत माणसं बसवू का दोरी?"

सगळे हसले. सगळ्यात जास्त मी! वाटलं, आपणच लई करून राहिलो.

पुढच्या आठवड्यात तपासणी होती. वेटोळं नीटनेटकं दिसावं म्हणून साहेबांनी नांगराची अर्धी दोरी कापायला लावली.

*

यंदाच्या पुरात एका छतावर बाई आणि तिचं तान्हं बाळ अडकलं. बोटीनं प्रवाहाच्या वरच्या अंगाला नांगर टाकला आणि दोरी सोडत सोडत छताकडं उतरली. चार हात राहिले, आणि दोरी संपली.

मिलिंद घरी आला. बूट न काढताच लेकीला उचलून घेतलं.

"तिनं बाळ फेकलं," तो म्हणाला.

"झेललंस?"

"हाव."

"आणि ती?"

"हात तसेच पुढं धरून उभी होती. नांगर सुटून बोट वाहून निघाली, तवाबी."