सरासरी पास, मुलं नापास

शाळेतून निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून मी वसईहून विरारला, फुलपाड्यातल्या एका क्लासमध्ये गणित शिकवायला जाऊ लागले. बँकेच्या परीक्षांचा क्लास. खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान, वर आम्ही. मालकांना सगळे सर म्हणत. ते काही शिकवत नसत, पण फ्लेक्स फार छान करून घेत.

माझ्याकडे डेटा सफिशियन्सी होतं. त्यात उत्तर काढायचं नसतं. दिलेली माहिती उत्तराला पुरते का, एवढंच सांगायचं. हे ऐकून मुलं पहिल्या दिवशी खूश होत आणि दुसऱ्या दिवशी रडकुंडीला येत.

एकदा मी फळ्यावर लिहिलं: पाच जणांच्या गुणांची सरासरी मध्यकापेक्षा जास्त आहे का? पहिलं विधान, गुण चढत्या क्रमाने मांडले की शेजारच्या दोन गुणांतलं अंतर सगळीकडे सारखं. दुसरं विधान, मध्यक चाळीस.

"पहिलं पुरत नाही, टीचर," एक मुलगा म्हणाला. "उत्तर 'नाही' येतंय."

"अरे, 'नाही' हेही उत्तरच. अंतर सारखं असलं की सरासरी आणि मध्यक एकच. ठामपणे नाही म्हणता आलं, म्हणजे माहिती पुरली. दुसऱ्या विधानावरून फक्त मधला कुठे बसलाय ते कळतं, बाकीच्यांचा पत्ता नाही."

बॅचमध्ये पाचच जण होते. सराव परीक्षेत चौघांना अठ्ठावीस, तीस, बत्तीस आणि चौतीस पडले. पाचवी वसईतल्या होळी गावची, घरची भाजीची वाडी असलेली मुलगी. तिला शहाण्णव. पास व्हायला चाळीस लागत. सरांनी बेरीज केली, भागाकार केला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"टीचर, सरासरी चव्वेचाळीस! आख्खी बॅच पास!"

"सर, चार जण नापास आहेत."

"ते वैयक्तिक. मी बॅचबद्दल बोलतोय."

दोन दिवसांत फ्लेक्स लागला. पालकसभाही ठेवली, कारण एवढं यश वाया का घालवायचं? सर एकेका पालकाला उभं करून मुलाचे गुण सांगू लागले आणि प्रत्येक वेळी प्रेमाने पुढे जोडू लागले, "सरासरीपेक्षा जरा कमी." चौथ्या वेळी पाचूबंदरहून आलेल्या बाई उठल्या. सकाळचा मासळीचा लिलाव उरकून त्या तशाच आल्या होत्या.

"सगल्यांचीच पोरं सरासरीच्या खाली? मंग वर कोन हाय?"

सगळ्यांनी होळीच्या मुलीकडे पाहिलं. तिचे वडील घाबरून म्हणाले, "आमचा काही दोष नाही." ती मात्र उभी राहिली. "सर, माझे गुण काढून टाका. बाकीच्यांची सरासरी एकतीस येते."

सर पांढरे पडले. मला म्हणाले, "टीचर, काहीतरी बोला."

मी सांगितलं की एकच आकडा फार मोठा असला की सरासरी त्याच्याकडे ओढली जाते. मध्यक मात्र रांगेच्या मधला, तो जागचा हलत नाही. इथे तो बत्तीस. सर्वसाधारण मुलगा कुठे आहे ते बत्तीस सांगतं, चव्वेचाळीस नाही.

"मंग तेच लावा ना बोर्डावर," बाई म्हणाल्या. बाकीच्यांनी माना हलवल्या. सरांनी नाइलाजाने कबूल केलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते खरा आकडा छापायला देत होते. त्यांना ते जड गेलं. मला, खरं सांगते, फार बरं वाटलं. इतकी वर्षं शिकवून पहिल्यांदाच मध्यक रस्त्यावर येणार होता.

तो आला, पण वेगळ्याच रूपात. सरांनी फोनवरून मध्यकाचं इंग्रजी नाव घेत 'मेडियन बत्तीस' सांगितलं. फ्लेक्सवाल्याने असला शब्द जन्मात ऐकला नव्हता. त्याने आपल्या बुद्धीने दुरुस्ती केली आणि लाल अक्षरांत छापलं: 'मीडियम ३२'.

संध्याकाळपर्यंत लोक चौकशीला येऊ लागले. "मराठी मीडियम आहे का?" "बत्तीसच सीट आहेत का?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर पुढे झाले.

"आहे ना! मराठी मीडियमच! बत्तीसच सीट, लवकर सांगा."

"सर, अहो, तो मध्यक..."

"टीचर, तुम्ही आजवर कोणत्या भाषेत शिकवत होतात?"

"मराठीतच."

"मग खोटं काय आहे त्यात?"

आठवड्याभरात खुर्च्या कमी पडल्या. होळीची मुलगी परीक्षा पास होऊन गेली आणि तिचा फोटो विरारमधल्या तीन क्लासच्या बोर्डांवर झळकला. त्यातल्या दोन क्लासचा जिना ती कधी चढली नव्हती. नव्या बॅचमधली मुलं मात्र घरच्या बोलीत बिनधास्त शंका विचारत, एकमेकांना चुकीचं समजावत, भांडत. वर्गात इतका गोंधळ मी कधी ऐकला नव्हता. खालचा मोबाइलवाला तक्रार घेऊन आला, तेव्हा मी त्यालाच दार लावून घ्यायला सांगितलं.