दोन डब्यांचं एकच नाव

बाप तळ्यात जाळं टाकायचा, माय दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणीला जायची. घरातला पहिला पदवीधर मी. सावली या तालुक्याच्या गावी संगणक केंद्रात नोकरीला लागलो. केंद्रातले संगणक इंटरनेटला जोडणारे, नेटवर्कचे दोन नवे डबे आले, पण एक चालला की दुसरा बंद पडे. हे निस्तरलं नाही तर केंद्र दुसऱ्या तालुक्याला जाणार होतं.

दुरुस्तीला येणारी इंजिनिअर बाई नेहमीसारखी चप्पल दाराबाहेर काढून आली. डबे उलटे करून तिनं खालच्या चिठ्ठ्यांवरचे, कारखान्यानं प्रत्येक डब्याला दिलेले वेगवेगळे नेटवर्क-पत्ते मोठ्यानं वाचले, बारशात नाव सांगावं तसे. मग पडद्यावर दोघांचा एकच पत्ता पाहून हसली.

"भाऊ, सेटिंग भरणाऱ्यानं एकाची जशीच्या तशी दुसऱ्यात उतरवली. त्यात पत्ताबी गेला. आता हाक मारली का दोघंबी ओ देतेत!"

"मंग आता, बाई?"

"ज्याचं नाव त्याले देऊ."

दुसरा डबा सुरू होता होता तिनं कळ दाबून त्याला बूटलोडरमध्ये, म्हणजे पुरता जागा होण्याआधीच्या पायरीवरच थांबवलं. तिथला उसना पत्ता पुसून त्याचा स्वतःचा टाकला, पुटपुटत दोनदा ताडून पाहिला, मग जतन केला. मशीनशी इतक्या अदबीनं वागणारं माणूस मी पाहिलंच नव्हतं.

दोन्ही डबे एकदम चालले. केंद्र सावलीतच राहिलं, आणि माझी नोकरीही.