लातूरचा रस्ता आणि आत्याची घागर

आत्याला कायमचं नांदेडला आणायचं ठरलं आणि मी शनिवारी सकाळी लातूरची एसटी धरली. सोबत पाण्याच्या दोन बाटल्या आणि तिच्या साड्यांसाठी एक मोठी रिकामी बॅग.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, निवृत्त नर्स. लातूर जिल्हा नवा नवा झाला तेव्हा नोकरीला तिथं गेली आणि तिथलीच झाली. वर्षापूर्वी घरासमोरचा रस्ता ओलांडताना तिला मोटारसायकलने उडवलं, खुबा मोडला. हाड जुळलं, पण तिने रस्त्याची इतकी धास्ती घेतली की पुन्हा पलीकडे गेलीच नाही. पलीकडे तिचं बुद्धविहार, मंडई आणि सगळ्या मैत्रिणी. "अलीकडं एकटी बसून काय करू?" असं ती फोनवर म्हणाली आणि मी घरातली मागची खोली रिकामी केली.

जाणाऱ्यांसाठी सांगते. लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता आहे, चार तास धरून चला. उजवीकडची खिडकी पकडा, डावीकडून सकाळचं ऊन भाजून काढतं. अहमदपूरला स्टँडबाहेर मुरमुऱ्यांचा गरम सुशीला खा. तो हॉटेलवाला सुशीला आग्रहाने वाढतो, पाणी मागितलं की मात्र दुसरीकडे बघतो. दुष्काळाचा उन्हाळा होता, त्याला तरी काय बोलणार? वाटेत पूल बरेच लागले, पाणी एकाही पुलाखाली दिसलं नाही.

आत्याच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरले आणि मला वाटलं, रिक्षावाल्याने चुकीच्या जागी सोडलं. जिथे दुकानांपर्यंत गाड्या खेटून उभ्या असायच्या, तिथे दोन्ही बाजूंना उंच फूटपाथ. पलीकडच्या फूटपाथच्या कडेला घागरींची लांबच लांब रांग, प्रत्येकीवर ऑइलपेंटने नाव. रस्त्याच्या मधोमध गुडघ्याएवढा ओटा, त्याच्या अलीकडे-पलीकडे गतिरोधक.

"हे कधी झालं?" मी कोपऱ्यावरच्या कापडवाल्या अप्पांना विचारलं.

"घागरींनी केलं बगा," अप्पा म्हणाले. "आधी पांढरा पट्टा मारला हुता, कोण विचारतंय? मग टँकर सुरू झाला. बायांनी नंबराला घागरी लावल्या. पट्ट्यावरनं गाडी घालतेत लोक, पण घागरीला धक्का लावायची हिंमत न्हाई कुणाची. सगळी गल्ली अंगावर येती! घागरींच्या रांगेआतून मान्सं बिनघोर चालू लागली."

आता मधे ओटा आहे तिथे आधी बायकांनी दोन रिकामे ड्रम ठेवले होते म्हणे, भरल्या कळशीनिशी अर्ध्यात दम खायला. पालिकेची एक तरुण इंजिनिअर आठवडाभर हे बघत राहिली आणि तिने घागरींच्या रेषेवरच फूटपाथ बांधून घेतला.

"मी लई भांडलो तिच्यासंगं. म्हटलं, दुकानाम्होरं गाडी लागली न्हाई तर गिऱ्हाईक कसं येईल? आता चालत यायलंय की." अप्पा स्वतःवरच हसले.

घरी आत्याच्या साड्यांच्या घड्या पलंगावर तयार होत्या. "घागर सुमनला देऊन टाकली," ती म्हणाली. सुमन म्हणजे शेजारीण, वर्षभर आत्याची घागर रांगेत लावून पाणी आणून देणारी. त्या दिवसांत घागर देणं म्हणजे रांगेतला नंबर देणं, गल्लीतला हिस्साच सोडणं.

"जायच्या आधी एकदा विहारात जाऊन येऊ," मी म्हटलं. तिने एक साडी उलगडून पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "हात सोडू नको."

रविवारी सकाळी निघालो. ओट्यापर्यंत तिची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. ओट्यावर ती थांबली, खाली बघितलं, मग डावीकडे. गतिरोधकापाशी एक टेम्पो सावकाश थांबला. "या माय, बिगीनं नका, दमानं या," ड्रायव्हर म्हणाला. आत्याने माझा हात सोडला आणि पुढे निघाली. मी ओट्यावरच उभी राहिले. मला रडू आलं, लपवत नाही.

विहारात बायकांनी तिला मधोमध बसवलं. वंदना संपल्यावर ती सुमनबाईंकडे वळली.

"माझी घागर परत दे गं. नंबर लावायचाय."

"मी कुठं वापरली?" सुमनबाई म्हणाल्या. "तुज्याच नावानं उभी हाय रांगेत."

सोमवारी मी रिकामी बॅग घेऊन नांदेडला परतले. मागची खोली बघून क्षणभर रुसवाही आला, इतकी साफसफाई केली होती! पण खरं सांगते, अंगावरचं ओझं उतरलं होतं. आमच्या चौकात मात्र घरी पोचायला मला धावतच रस्ता ओलांडावा लागला.

चार दिवसांनी आत्याचा फोन आला. "टँकर आला हुता. कळशीभर पाणी आणलं."

"कुणी आणून दिलं?"

"कुणी कशाला? मीच आणलं. मधी ओट्यावर टेकले जरा."