वेलचीचं रीळ

दत्तारामाला तांबडा आणि हिरवा एकच दिसे. आजकालचं नव्हे, जन्मापासूनचं. निळा कळे, पिवळा कळे. पण तांबडा, हिरवा आणि तपकिरी हे तिघे त्याच्यापुढे सख्ख्या भावांसारखे उभे राहत, थोरला कोण नि धाकटा कोण, पत्ता लागायचा नाही. बरं, असा माणूस नांगर धरता, माडावर चढता, तर कुणाचं काय अडलं असतं? पण याने धंदा कोणता धरला? गाड्यांच्या सीटा शिवायचा! शिरोड्याच्या तिठ्यावर एकतीस वर्षं दुकान चालवलं, आणि पंचक्रोशीत एका माणसाला संशय आला नाही.

एका माणसाला तेवढं ठाऊक होतं. त्याच्या बायकोला, तुळसाला.

लग्न होऊन आठ दिवस झाले होते. तुळसा चुलीपाशी होती. म्हणाली, परसातल्या दोन पिकल्या मिरच्या घेऊन या. दत्ताराम गेला आणि दोन हिरव्यागार मिरच्या तोडून घेऊन आला. ती हसायला लागली. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. दोन्ही मिरच्या तिने वरणात टाकल्या, विषय संपवला. जेवणं झाल्यावर मात्र म्हणाली, "तुमी ह्या कोणाक सांगू नकात. कळला तर लोक दुकानाची पायरी चढूचे नाय. रंगाचा माझ्यार सोडा."

आणि खरंच तिने ते आपल्या अंगावर घेतलं. बाई चौथी शिकलेली, पण अक्कल अशी की मास्तराला उसनी द्यावी. रिळावर चिठ्ठी लावली तर गिऱ्हाईक विचारणार, हे काय म्हणून? म्हणून तिने रिळाच्या मधल्या पोकळीत एकेक वस्तू सरकवली आणि वर चिंधीचा बोळा दाबला. तांबड्या रिळात कोकमाची बी. तपकिरीत काजूची. किरमिजीत सुपारीचं खांड. आणि हिरव्यात वेलची. दत्तारामाने नुसतं बोट घालायचं. वेलचीच्या रिळाला तर बोटही नको, नाकाजवळ नेलं की झालं. दर वर्षी गणेशचतुर्थीच्या आधी तुळसा जुन्या बिया काढून नव्या घालायची. नवं रीळ वेंगुर्ल्याहून आलं की दत्तारामाने हात लावण्याआधी तिच्या हातातून जायचं. "हो खयचो?" तो विचारी. "हिरवो," ती म्हणे. विचारायचा अवकाश, उत्तर तयार. मान वर करूनसुद्धा बघायची नाही.

पोरीलाही त्यांनी हे सांगितलं नाही. संचिता लग्नाची झाल्यावर तर मुळीच नाही. स्थळं येतात तेव्हा लोक सतरा चौकश्या करतात. बापाचे डोळे असे म्हटल्यावर कुणी काय बोलेल याचा नेम नव्हता. संचिता रेडीला दिली, सुखात पडली. नवरा-बायको दोघं उरली, आणि तो बियांचा कारभार.

गेल्या पौषात तुळसा दोन दिवसांच्या तापात गेली.

तिचं एक मागणं होतं. एकच. तिच्या ट्रंकेत दोन जरीकाठी साड्या होत्या. एक लग्नातली तांबडी, आणि दुसरी अगदी तशीच, पण हिरवी; संचिताच्या लग्नात तिने हट्टाने घेतलेली. दोन वर्षांमागे साड्यांना ऊन दाखवताना ती म्हणाली होती, "ऐकतास मा? मी तुमच्या आदी गेलंय तर माका ही हिरवी नेसवा. तांबडी आपल्या चेडवाक, संचिताक दिया." सवाष्ण जाते ती हिरव्यात जाते, ही आपल्याकडची रीत, तिला तिची हौस होती. दत्ताराम खेकसला, "गप ऱ्हव गो, भलताच कायतरी बोलू नको." ती हसली आणि घड्या घालत बसली.

त्या दिवशी अंगणात माणसं जमली, बायांनी आतून साडी मागितली. दत्ताराम स्वतः उठला. ट्रंक उघडली. दोन साड्या, दोन्हींची जर सारखी, दोन्ही त्याच्या डोळ्यांना एकाच मळकट रंगाच्या. आणि जिला विचारायचं ती बाहेर पडवीत निजलेली. उजवीकडची हिरवी, असं त्याला कुठेसं आठवलं. ती उचलली, थोरल्या बहिणीच्या, शेवंतीच्या हातात दिली. शेवंतीने साडीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "दत्ता, ही रे?"

"हीच! इचारतस काय परत परत? हीच नेसवा."

त्याला वाटलं, इतकी भारी साडी जाळायची का, असं ती विचारतेय.  ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणून बायांनी तीच नेसवली. तुळसा गेली.

चौदाव्या दिवशी दत्तारामाने दुकान उघडलं. बिया होत्या, म्हणून काम होतं. खरं सांगायचं तर बियांसाठीच तो दुकानात येई. पोकळीत बोट घातलं की वाटे, ही हिनेच दाबलेली. एकेकदा कामाची गरज नसताना उगाच हिरवं रीळ नाकाला लावून बसायचा. येणाजाणाऱ्याला वाटे, म्हाताऱ्याला सर्दी झालीय.

चैत्रात संचिता आली पंधरा दिवस राहायला. बापाचं दुकान पाहून तिला भडभडून आलं. जिकडेतिकडे रेक्झिनच्या चिंध्या, कोळिष्टकं, रिळांना मुंग्या. दत्ताराम बांगडे आणायला बाजारात गेला, तेवढ्यात पोरीने पदर खोचला. परत येतो तर दुकान आरशासारखं लख्ख. सगळी रिळं पुसून एका पत्र्याच्या डब्यात नीट रचलेली. "बाबा, केदो कचरो होतो त्या रिळांत! मुंगये लागलले. सगळा मागे माडाच्या मुळात टाकलंय."

दत्तारामाने बांगड्यांची पिशवी खाली ठेवली. मागच्या दारी जाऊन पाहिलं. कोंबड्यांनी केव्हाच उकरून, पांगवून टाकलं होतं. तो परत आला आणि म्हणाला, "बरा केलंस."

 एकतीस वर्षांचं मौन एका सकाळी कसं मोडायचं? आणि पोरीने तरी काय वाईट केलं होतं?

दुसऱ्याच दिवशी प्रीतम आला, आरवलीचा पोरगा. जुनी गाडी विकत घेतलेली, पर्यटकांना फिरवायला. काळ्या सीटा, त्यांवर तांबड्या धाग्याची शिलाई. "काका, ही तांबडी शिलाय काढून हिरवी घाला. बापाशीची होडी इकून गाडी घेतलंय. होडयेक हिरवो पट्टो होतो. तेवढी तरी खूण रवांदे."

दत्तारामाने रिळांच्या डब्याकडे पाहिलं. पण तुळसा असतानाही अडचणीच्या वेळी वापरायची त्याची एक युक्ती होती, ती त्याने काढली. "रीळ तूच बगून काढ मरे. मागसून म्हणशीत, ह्यो नको होतो."

"तुमका काय सांगूचा काका? माझ्या जन्माआदीपासून शिवतास. तुमच्यार सोडलंय." आणि गाडी सोडून, चावी टेबलावर टाकून पोरगा गेलाही. याला म्हणतात विश्वास! असा विश्वास वैऱ्यावरसुद्धा कुणी टाकू नये.

संचिताला विचारता आलं असतं. डबा पुढे करून, ह्यातला हिरवा कोणता गो, एवढंच. दोनदा त्याने तोंड उघडलं. दोनदा विचारलं, चाय ठेवतंस काय? एकदा कबूल केलं की तुळसाने एवढी वर्षं जपलेलं सगळं उघडं पडणार, आणि तिठ्यावरच्या लोकांना चघळायला विषय होणार. त्याने डबा उघडला आणि पहिलं रीळ नाकाशी नेलं.

वेलची! स्पष्ट वास. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वेलची गेली तरी वास राहिला होता, तुळसाने वाट दाखवली होती. देवाला हात जोडून त्याने ते रीळ मशीनला लावलं. दुसरं रीळ काही त्याने हुंगून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कळलं असतं. बंद डब्यात एका रात्रीत सगळ्याच रिळांना वेलचीचा वास लागला होता.

हे काम किती किचकट, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. कापडातलं भोक सुई निघाली की मिटतं. रेक्झिनचं मिटत नाही. जुन्या भोकांशेजारी नवी पाडलीत तर पोस्टाच्या तिकिटासारखी शिवण फाटून हातात येते. म्हणून ब्लेडने एकेक टाका उसवायचा आणि मशीनचं चाक हाताने फिरवत नवा धागा त्याच जुन्या भोकातून न्यायचा. एक भोक, थांब. दुसरं भोक, थांब. पाच सीटांना चार दिवस लागले. पाठ धरली, बोटं सोलली. अधूनमधून उसवलेला धागा तो नव्याशेजारी धरून बघे. जुना मळका, नवा चकचकीत. फरक दिसत होता. मग जीव भांड्यात पडे. तुळसा गेल्यापासून इतकं सुबक काम त्याच्या हातून झालं नव्हतं, आणि मनातल्या मनात तो तिला ते दाखवतही होता.

प्रीतम आला. दार उघडून आत वाकला. शिलाईवरून बोट फिरवलं.

"काका, ह्या काय?"

"काय झाला?"

"तांबडीच आसा ही. होती तशीच आसा."

"मस्करी करतस?"

"मस्करी मी करतंय की तुमी? काढलास काय नि घातलास काय?" पोरगा आधी हसला, मग चिडला, आणि मग दत्तारामाचं तोंड पाहून दोन्ही विसरला. म्हातारा उसवलेला धागा शिलाईला लावून पाहत होता. चार दिवस त्याने तांबडा उसवला होता आणि त्याच भोकांतून तांबडाच भरला होता.

संचिता चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. तिने सीटा पाहिल्या, डबा पाहिला, आणि बापाला विचारलं, "बाबा, तुमका रंग दिसना नाय?"

मग सांगावंच लागलं. मिरच्यांपासून सगळं. कोकमाची बी, काजूची बी, सुपारी, वेलची. प्रीतम खाली मान घालून ऐकत होता. संचिताने कप तसेच खाली ठेवले आणि भिंतीला टेकून रडायला लागली. "माका कित्याक नाय सांगलात? आयेन ठेवलला मी कचरो म्हणान फेकलंय."

"तुका काय म्हायत, बाय? रडू नको."

प्रीतम भला पोरगा. "काका, माका घाय नाय. परत करा," म्हणाला. "मी कोणाकडे बोलूचंय नाय." आणि चावी पुन्हा टेबलावर ठेवून चालत गेला. संचिताने डोळे पुसले, डब्यातून एक रीळ काढून बापाच्या हातात दिलं. "ह्यो हिरवो." मोबाईलमध्ये रंग सांगणारं काहीतरी मिळतं, ते घालून देते म्हणाली. "घाल," दत्ताराम म्हणाला.

दोघं समोरासमोर बसून पुन्हा उसवायला लागली. तिच्या मांडीवर एक कव्हर, त्याच्या मांडीवर एक. दहा-वीस टाके गेले असतील. दत्तारामाचं ब्लेड थांबलं. त्याला शेवंतीचा चेहरा आठवला होता. दत्ता, ही रे?

"संचिता."

"काय?"

"त्या दिवशी मी दिलली साडी... हिरवी होती मा गो?"

संचिताने वर पाहिलं नाही. तिने एक टाका उसवला, धागा ओढून काढला, बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "होय बाबा. हिरवीच होती."

"बरा," दत्ताराम म्हणाला.

तुळसाला रंग सांगायला कधी इतका वेळ लागला नव्हता.

भर दुपारी तो उठला. जेवून येतो म्हणाला आणि दुकानामागच्या घरी आला. घरात कुणी नव्हतं. त्याने ट्रंक ओढली, जमिनीवर बसला. संचिताला द्यायची राहून गेलेली दुसरी साडी बाहेर काढून मांडीवर घेतली. बघून काय कळणार? डोळ्यांना ती तेव्हा दिसली तशीच आता दिसली. मग रिळात घालायचा तसा त्याने घडीत हात घातला. आत, अगदी तळाला, पदराच्या टोकाला गाठ होती. नखाने ती सोडवायला त्याला बराच वेळ लागला.

गाठीत एक वेलची होती. दोन वर्षांपूर्वी, उन्हात बसून घड्या घालताना बांधलेली. तिने त्याची सोय करून ठेवली होती. त्याने नुसता हात घालायचा होता.