पट्टीच्या अलीकडे

एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले, "स्ट्रोक आहे." म्हणजे रक्ताची गुठळी अडकून मेंदूची डावी बाजू दुखावली होती. माझ्या नवऱ्याचा उजवा हात आणि पाय लुळा पडला, बोलणं थांबलं. याच हाताने ह्यांनी भालाफेकीत राज्याला सुवर्णपदक मिळवून दिलं होतं. मला रडू आवरेना.

त्या सकाळी ह्यांच्या हातातून कप पडला तेव्हा मी "लक्ष कुठंय?" म्हणून करवादले होते. तुम्ही असं करू नका. तोंड वाकडं, हात लुळा किंवा बोलणं जड वाटलं, की तडक हॉस्पिटल गाठा.

अकराव्या दिवसापासून फिजिओथेरपी. हॉलमध्ये जमिनीवर पांढरी पट्टी चिकटवलेली. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणायच्या, "काका, पट्टी ओलांडून या." हे काठी टेकत यायचे आणि पट्टीच्या वीतभर अलीकडे थांबायचे. रोज तेच. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "अफेझिया आहे, म्हणजे भाषा हरवलीय. पण साधी सूचनाही कळत नसेल, तर फारशी आशा ठेवू नका."

मी बाहेर बाकावर बसले आणि स्वारगेटजवळचं मैदान आठवलं. लग्न ठरायचं होतं, तेव्हा मी सायकल झाडाला टेकवून ह्यांची स्पर्धा बघायचे. एकदा विक्रमी फेक झाली. टाळ्या पडल्या. पायाचा अंगठा रेषेला लागलेला पंचांना दिसला नव्हता. ह्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. फाऊल! विक्रम गेला. त्यानंतर हे कायम रेषेच्या वीतभर अलीकडेच थांबायचे. माझे वडील म्हणाले, "व्यवहारशून्य आहे. पण मुलगी द्यायला हरकत नाही."

मी ताडकन उठून आत गेले.

"मॅडम, ती पट्टी काढा. ह्यांना सगळं कळतंय. भालाफेकीत रेषेला पाय लागला की फेक बाद होते."

मॅडमनी पट्टी उपटली. हे रिकाम्या फरशीकडे बघत राहिले. मग सरळ माझ्यापर्यंत चालत आले.

आज वर्ष झालं. चार-पाच शब्द परत आलेत. हात खांद्याच्या वर जात नाही आणि जाणारही नाही, हे आम्ही मान्य केलंय. त्या मॅडमचे उपकार विसरणार नाही. तुम्हाला एवढंच सांगते, डॉक्टरांना बीपी-शुगर सांगताना आपला माणूस आयुष्यभर काय करत आला, तेही सांगा.

परवा वारज्यात रस्ता ओलांडताना हे झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांशी थांबले. पुण्यात पट्ट्यांच्या अलीकडे थांबणारा हा बहुधा एकटाच माणूस.

म्हटलं, "अहो, चला. इथे फाऊल नाही."

हे हसले आणि उजवा पाय पुढे टाकला.