शेवग्यातलं लोखंड

आमच्या घरात केमिस्ट्री शिकलेली मी एकटीच, त्यामुळे माझी चूक काढायला दुसरं कोणी नव्हतं.

आईचं रक्त कमी भरलं. नारायणगावच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या तिला पचेनात. मग ते म्हणाले, शेवग्याचा पाला खा. परसात शेवगा होताच. दुसऱ्या कोणीही पाला खुडून भाजी टाकली असती. पण घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी! (आधीच्या साऱ्या पिढ्या न तपासता खाऊन जगल्या, हा भाग वेगळा.) मी पाला वाळवला, कुटून भुकटी केली आणि पुण्यात प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या मैत्रिणीकडे धाडली. लोह किती, जस्त किती, कळू तर दे. तोवर आई पाल्याची भाजी खात होतीच.

रिपोर्ट आला. कॅल्शियम ठीक, मॅग्नेशियम ठीक. लोहाचा आकडा मात्र असा, की पाल्याला चुंबक चिकटावं. जस्तही भरमसाट. मैत्रिणीने फोनवर विचारलं, झाड आहे की भंगारचं दुकान?

आईची भाजी मी त्याच दिवशी बंद केली. लोह जमिनीतून येतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पण इतकं? कोणीतरी घालतंय! पहिला संशय खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांवर गेला. पण त्या आकाशाकडे तोंड करून बसलेल्या, त्यांना आमच्या पाल्याचं काय? मग नजर वळली बांधापलीकडे, चुलत चुलते तात्यांकडे. आमच्या शेवग्याची सावली त्यांच्या कोथिंबिरीवर पडते, हे त्यांचं जुनं दुखणं.

मी खोड तपासलं. गुडघ्याच्या उंचीवर, सालीत रुतलेला बोटभर खिळा!

तात्यांना बोलावून घेतलं. "तात्या, हा खिळा कोणी ठोकला?"

"मीच," तात्या तंबाखू मळत म्हणाले.

इतक्या सहज कबुलीची माझी तयारी नव्हती. "झाड मारायचं होतं?"

"येडी का काय? शेंगा धरत न्हवत्या, म्हणून तुझ्या आईनंच सांगितलं व्हतं. खिळा मारला की झाड फळतं. औंदा शेंगा कुणी खाल्ल्या?"

(मीच. आमटीतल्या. चोखून.)

तरी मी कोयता आणला. विषारी झाड परसात नको. चार पावलांत दम लागणारी आई उठली आणि खोडाला पाठ लावून बसली.

"आधी सांग, पाला वाळवला कुठं?"

"गोठ्याच्या पत्र्यावर."

"कसला पत्रा त्यो?"

"जस्ताचा." शब्द बाहेर पडला आणि माझा मलाच ऐकू आला.

"आन कुटला कशात?"

ओसरीच्या कोपऱ्यात लोखंडी खलबत्ता उभा होता, मिक्सर आल्यापासून गंजत पडलेला. मिक्सरच्या भांड्याला मसाला लागलेला असतो, नमुना शुद्ध हवा, म्हणून मी तो मुद्दाम काढला होता.

तात्यांनी तंबाखूची चिमूट तोंडात सोडली. "वैनी, पाला ऱ्हाऊ द्या. पोरीची भुकटीच खा. लोखंड त्यात लई हाय."

आईने त्याच दुपारी पाल्याची भाजी केली, दोन भाकऱ्यांशी खाल्ली. तात्यांनी पक्कडीने खिळा उपसून माझ्या हातात दिला. माझ्या पदवीची फ्रेम आता त्याच खिळ्यावर टांगली आहे. तात्या म्हणतात, खिळा गुणाचा हाय, पदवी बी फळंल कवातरी.