औशाच्या भिंतीवर महानंदाची सही

मैत्रिणींनो, गेल्या रविवारी मी नुसती उधळले! कारण काय, तर मोबाईलवर वाचलेली पोलंडची एक जुनी चित्रकार बाई. बायकांना चित्रं शिकू द्या, मत देऊ द्या, म्हणून ती आयुष्यभर भांडली. वाचलं आणि औशाची माझी वर्गमैत्रीण महानंदा आठवली. दुकानांच्या पाट्या रंगवणारी तिथली पहिली बाई. हे काय फोनवर सांगायचं? निघालेच.

नांदेडहून सकाळची लातूर एसटी पकडा, बसायला जागा मिळते. बायकांना अर्धं तिकीट, त्यात खिडकी, म्हणजे आपण महाराणीच! अहमदपूरच्या स्टँडवर गरम भजी खाल्ली, जीभ भाजली, तरी दुसरी प्लेट घेतली. लातूरला गाडी बदलली की औसा अर्ध्या तासावर. किल्ला जरूर बघा. मी काही बघितला नाही.

महानंदा खताच्या दुकानाच्या भिंतीला शिडी लावून उभी. खाली नवरा बसवराज रंग कालवत होता. तोही पेंटर, पण त्याचा हात थरथरायला लागल्यापासून सात वर्षं सगळं काम हिचंच. कोपऱ्यात सही मात्र 'पेंटर बसवराज'. त्या नावावर गिऱ्हाईक येतं, ते तुटलं तर खायचं काय, ही तिची भीती.

मी खालूनच पोलंडपुराण लावलं.

"कुठं आलं गं ते? उदगीरच्या पल्याड?" ती खिदळली. मग ब्रश थांबला. "तिनं चित्रावर सही कुणाची केली?"

"स्वतःची! ठसठशीत!"

"मग आज मी बी माझीच करते."

दुकानदार अप्पा गडबडले. "वहिनी, चालू नाव हाय, कशाला बदलता? लोक बिचकतील."

"करू द्या अप्पा," बसवराजभाऊ म्हणाले. "अक्षर तिचंच हाय."

महानंदानं एका दमात सही केली, खाली उतरून बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला. 'पेंटर बसवराज'! सवयीनं हात आपोआप चालला होता. आम्ही हसून हसून बेजार, अप्पासुद्धा. टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसून तिनं एकेक अक्षर सावकाश काढलं: पेंटर महानंदा. खाली फोन नंबर. मला तर रडूच आलं, बाई!

दिवेलागणीला नांदेडला परतले. अंग आंबलं होतं, पण मन काही खाली बसेना.

बुधवारी तिचा फोन. दोन दिवस कुणी फिरकलं नव्हतं, ती पार धास्तावली होती. मग लातूर रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्यानं नंबर लावला, "पेंटर हायत का?" आजवर असं कुणी विचारलं की ती "थांबा, देते" म्हणून फोन नवऱ्याच्या हातात द्यायची.

"मग आज काय म्हणालीस?"

"म्हणलं, पेंटरच बोलायलेय की!"